अमूर्त चित्रावरून गोधडी: आधी छटा, मग आकार

चित्रकार सय्यद हैदर रझांच्या 'बिंदू' चित्रांतले त्रिकोण आणि वर्तुळ कापडात उतरवणं सोपं वाटतं, तर चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचं जवळजवळ एकाच रंगात बुडालेलं चित्र अशक्य वाटतं. पण दोन्हींचा पाया एकच आहे: गडद किती, फिकं किती आणि ते कुठे. हा हिशेब जमला की आकार थोडे इकडेतिकडे झाले तरी चालतात. तो चुकला तर रेषेवर रेष ठेवून कापलेले तुकडेही नुसती ठिगळं दिसतात.

चित्राचा फोटो मोबाइलवर काळा-पांढरा करा आणि त्यात पाच पायऱ्या ठरवा, सर्वांत गडद ते सर्वांत फिकी. निवडलेली कापडं शेजारी शेजारी मांडून त्यांचाही तसाच फोटो काढा. लाल आणि हिरवा डोळ्यांना कितीही वेगळे वाटले तरी या फोटोत ते बऱ्याचदा एकच करडा रंग होतात. तसे दोन तुकडे शेजारी आले की मधली कड विरून जाते. गायतोंडे पद्धतीच्या गोधडीला ही विरलेली कड हवीच असते, रझांच्या भूमितीत मात्र ती घात करते.

कापड सुतीच घ्या. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात कटपीस घेतलेत तर कडेचा एक धागा ओढून, घरी नीट जाळून बघा. सुताची मऊ राख होते आणि जळक्या कागदाचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून कडक गोळी होते. खाडीकाठच्या दमट हवेत पॉलिएस्टरची गोधडी अंगावर घेववत नाही. जुनी सुती साडी तर सोनंच: निऱ्यांच्या आतला भाग गडद राहतो, घडीवरचा उडालेला असतो, म्हणजे एकाच साडीत तीन छटा मिळतात. फक्त उजेडासमोर धरून बघा. वीण विरळ दिसली तर त्या तुकड्याला मागून मलमल लावा.

सगळं कापड आधी धुवा. ओला तुकडा पांढऱ्या फडक्यात गुंडाळून दाबा, डाग उमटला तर पुन्हा धुवा. गडद लाल आणि काळ्याला तीन-चार पाणी लागतात.

माप १५० × २२५ सेंमी धरू. चित्राचं टिपण २० × ३० सेंमी कागदावर काढून त्यावर २ सेंमीच्या चौकटी आखा. एक चौकट म्हणजे गोधडीत १५ सेंमी, एकूण १५० तुकडे. शिवणीसाठी चारही बाजूंनी पाऊण सेंमी माया ठेवून प्रत्येक तुकडा १६.५ सेंमीचा कापा. वरच्या बाजूला ११० सेंमी पन्ह्याचं साधारण ५ मीटर कापड लागतं, अस्तराला आणखी ५ मीटर आणि मधे भरायला एक साडेपाच मीटरची साडी, अडीच-अडीच मीटरचे दोन भाग जोडून. आपल्याकडच्या हिवाळ्याला एवढा एक थर पुरतो.

इथे मायेत कंजूषपणा किंवा उधळपट्टी अजिबात नको. प्रत्येक शिवण १ मिमी जास्त आत गेली तर तुकडा २ मिमीने लहान होतो आणि दहा तुकड्यांच्या रांगेत २ सेंमी जातात. मग शेजारच्या रांगेशी सांधे जुळत नाहीत. म्हणून मशीनच्या पट्टीवर पाऊण सेंमीला चिकटपट्टी लावा.

त्रिकोणासाठी १८ सेंमीचे दोन चौकोन (एक गडद, एक फिका) समोरासमोर ठेवा, कर्ण आखा, त्याच्या दोन्ही बाजूंना पाऊण सेंमीवर टीप मारा आणि कर्णावर कापा. दोन तयार चौकोन मिळतात, ते १६.५ वर छाटा. त्रिकोण आधी सुटा कापू नका, कारण उरेब (तिरकी कापलेली) कड ताणली जाते आणि मग गोधडी लाटेसारखी उचलते. इस्त्री फिरवताना घासू नका, दाबा. बिंदूसाठी ३० सेंमीचा पुठ्ठा कापा, ३२ सेंमीच्या गोल कापडाच्या कडेला धावदोरा घालून तो पुठ्ठ्यावर आवळा, इस्त्री करा, पुठ्ठा काढा आणि हाताने बारीक टाके घालून बसवा.

रांगा जोडताना एका रांगेच्या शिवणी डावीकडे, पुढच्या रांगेच्या उजवीकडे वळवा. सांधा आपोआप बसतो.

आता दिवाणखान्यातलं सामान हलवा. फरशीवर अस्तर उलटं पसरून ताणा आणि चिकटपट्टीने पक्कं करा. फरशीचे सांधे काटकोनात असतात, कडा त्यांच्याशी मिळवून घ्या. वर साडी आणि तुकड्यांचा थर पसरा. मधून कडेकडे, वीतभर अंतरावर कच्चे टाके घाला. कडेकडून सुरुवात केली तर मधे फुगा धरतो आणि तो नंतर कुठेच जात नाही.

धावदोरा हा या चित्राचा शेवटचा थर आहे, म्हणून त्याची दिशा आधी ठरवा. रझांच्या वर्तुळाभोवती गोल ओळी, गायतोंडे पद्धतीला दोन-अडीच सेंमीवर समांतर आडव्या ओळी, आणि दोऱ्याचा रंग कापडापेक्षा एकच पायरी वेगळा. दोरा हातभरापेक्षा लांब घेतला तर गुंता होतो.

शेवटी ६ सेंमी रुंद मगजी (चारही कडांना लावायची पट्टी), जोडून साधारण ७.७५ मीटर. पहिली धुलाई एकटीची, गार पाण्यात. रंग उतरलेला दिसला तर वाळत घालू नका. ओली असतानाच पुन्हा धुवा, कारण डाग एकदा वाळला की सहसा निघत नाही.