सी८ चा उंट देऊन टाकू नका

बुद्धिबळातली किंग्ज इंडियन ही ओपनिंग काळ्याकडून खेळायला घेतल्यावर पहिलं दीड वर्ष मी सतत हरत होते. आता बरं जमतं, पण ते हरणं अजून आठवतं, म्हणून नव्याने शिकणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

मांडणी तुम्हाला माहीत असेलच. पांढऱ्याने डी५ ढकललं, तुमचा घोडा सी६ वरून ई७ ला गेला आणि मधली चार प्यादी एकमेकांना अडवून बसली. आता तुम्ही एफ५, एफ४, जी५ करत राजावर जायचं आणि तो सी५ करत दुसऱ्या बाजूने येणार. तिकडे एखादं प्यादं गेलं तर जीव टांगणीला लावू नका. तो प्याद्यामागे आहे, तुम्ही राजामागे. मात्र एफ४ व्हायच्या आधीच त्याने ई-प्याद्याने एफ५ मारलं, तर केंद्र बंद राहत नाही. मग पुढचं सगळं विसरा, तो वेगळाच डाव आहे.

मी फसले ते सी८ च्या, म्हणजे पांढऱ्या घरांतून चालणाऱ्या, उंटापायी. सगळे मोहरे बाहेर काढल्याशिवाय हल्ला करायचा नाही, हे मला लहानपणापासून शिकवलेलं. वीस चाली झाल्या तरी उंट जागचा हललेला नाही हे पाहून मला अपराधी वाटायचं. एका स्पर्धेत मी तो डी७ वर आणला, आणि पांढऱ्याचा घोडा बी५ वर आल्याबरोबर तो मारून मोकळी झाले. त्याने उंटाने परत मारलं आणि तोच उंट सावकाश ई२ वर परत नेला. पुढे मी जी४ केलं, प्यादी मारामारीत गेली, जी-फाइल (जी ची उभी रांग) अर्धी उघडली, म्हणजे तिथे माझं प्यादं उरलं नाही. पण जी४ वर आता त्याचं प्यादं होतं आणि ई२ च्या उंटाने ते धरून ठेवलं होतं. ते फोडायला माझ्याकडे पांढऱ्या घरांतून चालणारं काहीच उरलं नव्हतं. पंधरा मिनिटं मी त्या एका घराकडे बघत बसले. तोवर तो सी-फाइलने आत आला.

हे नीट समजून घ्या. सी८ चा उंट तिथे बसूनच काम करत असतो. जी४ च्या धडकेला त्याचा जोर असतो. सी७ वरून ई६ वर येऊ पाहणाऱ्या घोड्याला तोच अडवतो. आणि एच३ वर स्वतःचा बळी देणारा तोच. समजा तुमचं प्यादं जी३ वर रुतलंय, वजीर एच४ वर आहे आणि पांढऱ्याने एच३ केलंय. उंट एच३ मारतो, तो जी-प्याद्याने परत मारतो, वजीर एच३ वर येतो आणि एच२ वर मात दिसायला लागते. उंट नसेल तर यातलं काहीच नाही. द्यायचाच असेल तर जी७ चा उंट द्या, त्याच्यासमोर ई५ चं आपलंच प्यादं आहे. तोही एफ८ वर बसून डी६ राखतो म्हणा.

ग्रँडमास्टर नायडॉर्फने १९५३ साली काळ्याकडून जिंकलेले दोन डाव पटावर हाताने खेळून बघा: मार देल प्लाताला ग्लिगोरिचविरुद्धचा आणि झुरिकला तायमानोव्हविरुद्धचा. हत्ती एफ७ वर, उंट एफ८ वर, मग तोच हत्ती जी७ वर, ही मांडणी तिथे कळते. ॲपवर पंधरा चाली पाठ करून ती कळत नाही, हे माझं ठाम मत आहे. संगणक इथे पांढऱ्याला बरीच आघाडी दाखवतो, पण तो आकडा पाहून ओपनिंग सोडू नका. समोरच्या माणसालाही राजा वाचवायचा असतो, आणि ते सोपं नसतं. मार्गदर्शक निवडताना तुम्हाला पांढऱ्याकडूनही हा डाव खेळायला लावेल असाच निवडा. मला तसे भेटले तेव्हा कुठे सुधारणा झाली.

कारण पांढऱ्याकडून बसल्यावरच मला दिसलं की जाणकार खेळाडू बी५ चा घोडा ए७ वर नेतात, तो केवळ सी८ चा उंट मारायला. दोन-तीन चाली त्यात गेल्या तरी त्यांना चालतं. घोडा ए७ वर येताना दिसला की उंट डी७ वर सरकवा.