ट्रॅकवर गाडी नेताय? इंजिनावर पैसे उधळण्याआधी या चुका टाळा

तळेगावजवळचा नानोली स्पीडवे सुरू झाल्यापासून पुण्यातल्या हौशी मंडळींना ट्रॅकसाठी थेट कोइम्बतूर गाठायची गरज राहिलेली नाही. पण ट्रॅक डेला, म्हणजे स्वतःची गाडी ट्रॅकवर पळवायच्या दिवसाला, नाव नोंदवलं की बहुतेक जण पहिला फोन करतात तो रीमॅपवाल्याला, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणाऱ्याला. मग एक्झॉस्ट, मग एअर फिल्टर. ब्रेकची आठवण होते ती तिसऱ्या लॅपला (ट्रॅकच्या तिसऱ्या फेरीला), पेडल खाली जायला लागल्यावर.

वीस-तीस बीएचपी वाढवून गाडी सरळ रेषेत थोडी जास्त पळेल, पण वेग वाढतो तशी थांबवायची ऊर्जा वर्गाच्या पटीत वाढते. ताशी १०० च्या जागी १४० वरून थांबायचं, तर ब्रेकवर जवळपास दुप्पट उष्णता येते, आणि तीही दर लॅपला, दर वळणाला. ताम्हिणी घाटात छान चाललेले ब्रेक इथे दमतात, कारण घाटात त्यांना मध्ये श्वास घ्यायला वेळ मिळतो.

ब्रेक फेल झाले म्हणजे नक्की काय झालं?

इथे निदान चुकतं आणि खर्च भलत्याच जागी होतो. पेडल मऊ, स्पंजी झालं, जमिनीला टेकायला लागलं, तर ब्रेक ऑइल उकळलंय. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही, म्हणून पाय नुसता खाली जातो. याउलट पेडल घट्ट आहे, जोर लावताय, तरी गाडी थांबत नाही, तर पॅड तापून ग्लेझ, म्हणजे वरून गुळगुळीत, झालेत. पहिल्या दुखण्यावर महागडे पॅड घातले तर काडीचा फरक पडणार नाही.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ४ (हा ब्रेक ऑइलचा दर्जा) किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या डॉट ४ ची मर्यादा १५५ पर्यंत घसरते. पुण्यातले चार पावसाळी महिने काढलेल्या गाडीत दोन वर्षांचं जुनं ऑइल असेल, तर ट्रॅकचा विचारच नको. पावसाळा संपल्यावर ताजं डॉट ४ किंवा ५.१ भरून चारही चाकं नीट ब्लीड करून, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून, घ्या. नुसतं ५ लिहिलेलं ऑइल घेऊ नका. ते सिलिकॉनचं असतं, यात मिसळत नाही. नाना पेठेतल्या दुकानात मागताना आकडा दोनदा सांगा.

सेशन (ट्रॅकवरची एक पाळी) संपला की शेवटचा लॅप ब्रेक जवळजवळ न वापरता सावकाश काढा. थांबल्यावर पेडलवर पाय दाबून ठेवायचा नाही, हँडब्रेकही ओढायचा नाही. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावा. तापलेल्या डिस्कवर पॅडचा थर एकाच जागी चिकटतो, नंतर स्टिअरिंग थरथरतं आणि मेकॅनिक म्हणतो डिस्क वाकली. बऱ्याचदा ती वाकलेली नसते.

टायर

दारावरच्या स्टिकरप्रमाणे थंड टायरमध्ये ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून गेलात, तर काही लॅपनंतर तोच आकडा चाळिशीला पोहोचतो आणि पुढची टायरं घसरायला लागतात. पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यावर) आल्याआल्या गरम टायरची हवा मोजा, जास्त असेल तर सोडा. पुढच्या चाकांना गरम असताना ३४ ते ३६ ही बऱ्यापैकी सुरुवात आहे. टायरच्या खांद्यावर, म्हणजे कडेला, खडूची रेघ मारा. टायरवरच्या छोट्या त्रिकोणाच्याही पलीकडे रेघ पुसली गेली, तर हवा कमी झालीय. हवा बरोबर असूनही बाहेरची कड झिजत असेल तर कॅम्बर (चाकाचा आतल्या बाजूचा कल) कमी पडतोय, आणि त्यावर स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणं हा उपाय नव्हे. कापलेल्या स्प्रिंगने सस्पेन्शन बंपस्टॉपवर (शेवटच्या रबरी अडसरावर) आदळतं आणि वळणाच्या मध्यात गाडी अचानक सुटते. कापलेली स्प्रिंग बदलण्याखेरीज त्यावर दुरुस्ती नाही.

उष्णतेचं

पहिले दोन लॅप झकास, तिसऱ्यापासून गाडी मेलेली. टर्बो गाड्यांची ही नेहमीची तक्रार. इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा रेडिएटर) तापला, इंजिनात जाणारी हवा गरम झाली की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, स्वतःहून ताकद कमी करतो. तिथे बूस्ट (टर्बोचा दाब) वाढवणं म्हणजे ताप आलेल्याला गोधडी पांघरणं. चाकणला बनलेल्या पोलो जीटी टीएसआयच्या ड्राय क्लचच्या डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला तर पिटमधली रांगत चालणारी गर्दीही त्रास देते. तापमानाच्या काट्यावर विसंबू नका. इंजिनाचं पाणी थोडं जास्त तापलं तरी तो ९० वरच चिकटलेला असतो. साधा ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून खरा आकडा बघा. तो चढत असेल तर हीटर पूर्ण चालू करा, वेग उतरवा, बाहेर या.

पोलोचे चाकाचे बोल्ट १२० न्यूटन मीटरला टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्यानेच) आवळा. पहिल्या सेशननंतर चाकं निवली की पुन्हा तपासा.

कागदपत्रांचं थोडक्यात: नोंदणीतल्या मूळ तपशिलात बदल होईल असा मॉड (गाडीतला फेरफार) सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१९ च्या निकालानंतर रस्त्यावर चालत नाही, आणि नेहमीच्या मोटार विम्यात रेसिंग किंवा वेगचाचणीतलं नुकसान धरलं जात नाही. पूर्ण ट्रॅकचे पॅड थंड असताना नीट धरत नाहीत, त्यामुळे परतीला ट्रॅफिकमध्ये पहिल्या ब्रेकला गाडी लांब जाऊन थांबते. गाडी ऑफिसलाही नेत असाल तर रस्ता आणि ट्रॅक दोन्हीला चालणारे मधले पॅड घ्या. ट्रॅकवर सोडलेली हवा हायवेला लागण्याआधी, टायर थंड झाल्यावर, परत भरा.