घरच्या नेटला हात न लावता होम लॅब कशी उभी करायची

होम लॅब, म्हणजे नेटवर्किंग शिकायला घरीच मांडलेली प्रयोगशाळा, म्हटलं की सगळे आधी विचारतात मशीन कुठलं घेऊ, पण माझ्या मते पहिला प्रश्न हा की लॅबचं नेटवर्क आणि घरचं नेटवर्क यांच्यामध्ये भिंत कुठे घालणार. ते एकदा जमलं की आत काय वाट्टेल ते तोडाफोडा, घरात कुणाला पत्ता लागत नाही, आणि नेटवर्किंग तोडूनच समजतं म्हणून आधी भिंत.

मशीनचं पटकन सांगतो. कंपन्यांनी काढून टाकलेले छोटे पीसी सेकंडहँड मिळतात, लेनोवो थिंकसेंटर टायनी, डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपी एलिटडेस्क मिनी वगैरे. मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला एक चक्कर मारा, नाहीतर तुमच्या गावातला जुने लॅपटॉप विकणारा मागवून देतो. ८व्या जनरेशनचा आय-फाइव्ह घेतला तर ६ कोर मिळतात, प्रोसेसरवर जास्त खर्च करू नका, पैसे रॅममध्ये घाला, १६ जीबी तरी हवीच. लाइटबिलाची भीती असेल तर हिशोब सोपा आहे, मशीन सरासरी १५ वॉट खात असेल तर २४ तास चालू ठेवून महिन्याला साधारण ११ युनिट होतात. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे एका मशीनमध्ये अनेक आभासी मशीन चालवायची सोय, चालू आहे ना बघून घ्या, इंटेलवर व्हीटी-एक्स, एएमडीवर एसव्हीएम, जुन्या ऑफिसच्या पीसीत बऱ्याचदा बंद असतं.

आता त्यावर प्रॉक्समॉक्स टाका. फुकट आहे, डेबियन लिनक्सवर चालतं, व्हीएम (मशीनच्या आत चालणारी आभासी मशीन) आणि कंटेनर (तसाच पण हलका प्रकार) दोन्ही एकाच स्क्रीनवरून सांभाळता येतात. इन्स्टॉलर अख्खी डिस्क पुसतो हे लक्षात ठेवा. इन्स्टॉल करताना जो आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) भराल तोच राहतो, आपोआप बदलत नाही, म्हणून राउटरच्या डीएचसीपी रेंजच्या, म्हणजे राउटर आपोआप वाटतो त्या पत्त्यांच्या, बाहेरचा द्या, म्हणजे राउटर १०० ते २०० वाटत असेल तर १९२.१६८.१.५० वगैरे. आणि केबलच लावा, वायफायवर ब्रिज (व्हीएमना नेटवर्कशी जोडणारा आभासी स्विच) धड चालत नाही कारण अॅक्सेस पॉइंट एका क्लायंटकडून एकच मॅक अॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) घेतो आणि इथे तर प्रत्येक व्हीएमचा वेगळा असतो. मग लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये तो आयपी आणि पोर्ट ८००६ उघडा, सर्टिफिकेटची वॉर्निंग येईल, ती येणारच. अपडेट करताना एरर आला तर रिपॉझिटरीजमध्ये (अपडेट कुठून घ्यायचे त्या यादीत) जाऊन एंटरप्राइझवाली बंद करा आणि नो-सबस्क्रिप्शनवाली जोडा.

आता भिंत. प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएमबीआर-० (स्क्रीनवर vmbr0) नावाचा ब्रिज आधीच असतो, त्याला एक स्विचच समजा, ज्याची एक वायर तुमच्या घरच्या राउटरला गेलेली आहे. आपल्याला हवा दुसरा स्विच, ज्याची वायर कुठेच गेलेली नाही. नोडवर (यादीतल्या तुमच्या मशीनच्या नावावर) क्लिक करून नेटवर्कमध्ये जा, लिनक्स ब्रिज बनवा, नाव व्हीएमबीआर-१ (vmbr1), ब्रिज पोर्ट्सचा रकाना रिकामा ठेवा, आयपीचा पण रिकामा, आणि अप्लाय करा. बस, आता व्हीएमबीआर-१ ला जोडलेल्या मशीन फक्त एकमेकींशी बोलू शकतात.

या दोन स्विचच्या मध्ये फायरवॉल, म्हणजे काय जाऊ द्यायचं आणि काय अडवायचं हे ठरवणारा पहारेकरी, बसवायची. मी ओपीएनसेन्स वापरतो, पीएफसेन्स या दुसऱ्या फायरवॉलपासून वेगळं होऊन जानेवारी २०१५ मध्ये आलेलं, फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमवरचं. व्हीएमला २ कोर, ४ जीबी रॅम आणि दोन नेटवर्क कार्ड द्या, पहिलं व्हीएमबीआर-० वर म्हणजे बाहेरची बाजू, दुसरं व्हीएमबीआर-१ वर म्हणजे आतली.

इथे थांबा, कारण मी इथेच घरचं नेट पाडलं होतं. मी धरून चाललो होतो की पहिलं कार्ड वॅन (बाहेरची बाजू) होणार, पण इंटरफेस आपोआप वाटले गेले आणि पहिल्याच कार्डाला लॅन (आतली बाजू) लागलं. लॅनचा डिफॉल्ट आयपी १९२.१६८.१.१, आमच्या राउटरचाही तोच, वर त्या फायरवॉलचा डीएचसीपी सर्व्हर पण चालू. म्हणजे घरात एकाच नंबरचे दोन दरवाजे झाले. ताईचा ऑनलाइन इंटरव्ह्यू चालू होता, तो मधेच तुटला, बाबांचा फोन चालत होता पण टीव्ही नाही, दहा मिनिटांनी उलटं, आणि मी आपला राउटर बंद-चालू करत बसलो. शेवटी लॅपटॉपवर एआरपी टेबल (कुठला आयपी कुठल्या मॅक अॅड्रेसचा ती यादी) काढलं तेव्हा दिसलं की १९२.१६८.१.१ समोरचा मॅक अॅड्रेस बीसी:२४:११ ने सुरू होतोय, हा प्रॉक्समॉक्सच्या व्हीएमचा प्रीफिक्स. व्हीएम बंद केली, थोड्या वेळाने सगळं सुरळीत झालं. ताईला तो इंटरव्ह्यू परत द्यावा लागला आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून तुम्ही असं करा. व्हीएमच्या हार्डवेअर टॅबमध्ये पहिल्या कार्डावर डिसकनेक्ट असा टिक असतो, तो लावूनच व्हीएम चालू करा. कन्सोलवर पर्याय १ घेऊन इंटरफेस स्वतः वाटा, मॅक अॅड्रेस हार्डवेअर टॅबशी एकेक करून जुळवा, नुसतं नाव बघून अंदाज लावू नका. मग पर्याय २ मधून लॅनचा आयपी बदला, १०.१०.१०.१ आणि मास्क २४ (म्हणजे पहिले तीन आकडे आतल्या सगळ्यांचे सारखे). हे बदलणं भागच आहे, कारण वॅन आणि लॅन दोन्हीकडे एकच १९२.१६८.१ वाली रेंज असेल तर पॅकेट कुठे पाठवायचं हे फायरवॉलला कळणार कसं. हे सगळं झाल्यावरच डिसकनेक्टचा टिक काढा.

आता व्हीएमबीआर-१ वर एक डेबियनची व्हीएम करा, हलका डेस्कटॉप टाका, कारण ओपीएनसेन्सचं वेब पान आतल्या बाजूनेच उघडतं. आणि ती पहिल्यांदा बूट करायच्या आधी एक गोष्ट नक्की करा, प्रॉक्समॉक्सच्या शेलमध्ये टीसीपीडंप (जाणारी-येणारी पॅकेट दाखवणारं टूल) टाकून व्हीएमबीआर-१ वर डीएचसीपीचे पोर्ट ६७ आणि ६८ ऐकत बसा. व्हीएम उठते आणि ०.०.०.० वरून सगळ्यांना हाक मारते, कुणी आयपी देतं का, ही डिस्कव्हर. फायरवॉल म्हणते हा घे, ही ऑफर. व्हीएम म्हणते हाच दे, ही रिक्वेस्ट, आणि शेवटी फायरवॉल हो म्हणते, ही अॅक. पुस्तकात हे चार शब्द पाठ केलेले असतात, पण समोर चार ओळी पडताना बघितल्या की परत विसरत नाही. नंतर नुसतं रिन्यू केलं, म्हणजे तोच आयपी पुढे चालू ठेवला, तर शेवटच्या दोनच दिसतील, घाबरू नका, ते बरोबर आहे.

मग व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर टॅगच्या नंबरने वेगळी केलेली नेटवर्क. व्हीएमबीआर-१ एडिट करून व्हीलॅन अवेअरचा टिक लावा. दोन व्हीएम घ्या, एकीच्या कार्डावर टॅग २०, दुसरीच्या ३०. ओपीएनसेन्सच्या आतल्या कार्डावर टॅग टाकायचा नाही, म्हणजे ते ट्रंक होतं आणि सगळे टॅग त्याच्यापर्यंत पोचतात. ओपीएनसेन्समध्ये दोन व्हीलॅन बनवा, इंटरफेस म्हणून जोडा, १०.१०.२०.१ आणि १०.१०.३०.१ द्या, डीएचसीपी दोन्हीवर वेगळा चालू करा. आणि आता बहुतेक जण अडकतात, आयपी मिळतो पण पिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का बघायची हाक) जात नाही. कारण लॅनवर सगळं चालू द्या असा रूल आधीच असतो, नव्या इंटरफेसवर एकही रूल नसतो, आणि रूल नाही म्हणजे सगळं बंद. रूल लिहिताना एवढंच डोक्यात ठेवा की पॅकेट ज्या इंटरफेसमधून फायरवॉलमध्ये शिरतं तिथे रूल लिहायचा, आणि वरून खाली पहिला जो जुळेल तो लागू. म्हणजे ३० वाल्यांना नेट द्यायचं पण २० कडे जाऊ द्यायचं नाही, तर ३० च्या पानावर वर ब्लॉक आणि खाली अलाऊ. उलटं लिहून बघा एकदा मुद्दाम, ब्लॉक असून पण पिंग जातं ते स्वतः बघा.

असं काही उलटंपालटं करण्याआधी स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जपलेली अवस्था) घ्या, दोन क्लिकमध्ये मागे येता येतं. पण स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की तोही गेला, म्हणून आठवड्यातून एकदा तरी वेगळ्या डिस्कवर बॅकअप लावून ठेवा.

बाहेरून लॅबमध्ये यायचं असेल तर आधी राउटरचा वॅन आयपी बघा. १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे नेट कंपनीने एकच बाहेरचा आयपी अनेक ग्राहकांत वाटलाय, पोर्ट फॉरवर्डिंगवर (राउटरमधून आत यायची वाट उघडण्यावर) वेळ घालवू नका, टेलस्केल नावाचा व्हीपीएन टाका. आणि नसलात तरी पोर्ट ८००६ इंटरनेटवर उघडा ठेवू नका, कधीच नाही.

राहिली लाइट. राउटरसाठी मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस या पीसीला चालत नाही, यांचे अॅडॉप्टर १९-२० व्होल्टचे असतात, साधा कॉम्प्युटरचा यूपीएस घ्या. बायोसमध्ये लाइट आल्यावर आपोआप चालू होण्याचं सेटिंग लावा आणि प्रॉक्समॉक्समध्ये प्रत्येक व्हीएमला स्टार्ट अॅट बूट. ओपीएनसेन्सचा ऑर्डर १ ठेवा आणि पुढे ६० सेकंदाचा डिले द्या, नाहीतर बाकीच्या व्हीएम आधी उठतात, आयपी मागतात, आणि द्यायला अजून कुणी जागंच झालेलं नसतं.