पंजाला हात लावू न देणाऱ्या कुत्र्याची नखे कशी कापावीत

कुत्रा घरातल्या फरशीवरून चालू लागला की पावलागणिक टकटक आवाज येत असेल, तर त्याची नखे वाढली आहेत असे समजावे. कुत्रा सरळ उभा असताना नखांची टोके जमिनीला टेकता कामा नयेत. ती टेकू लागली की प्रत्येक पावलाला बोटे वर ढकलली जातात, पंजा फाकतो, गुळगुळीत टाइलवर पाय घसरतो आणि सांधे दुखणाऱ्या वयस्कर कुत्र्याला चालणे आणखी जड जाते. डांबरी रस्त्यावर दिवसभर हिंडणाऱ्या गावठी कुत्र्याची नखे आपोआप झिजतात. फ्लॅटमध्ये राहून सकाळ-संध्याकाळ सोसायटीच्या आवारात एक फेरी मारणाऱ्या लॅब्रेडॉरची किंवा पगची तेवढी झिजत नाहीत. पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला, जमिनीपासून वर असलेले अंगठ्याचे नख तर बहुधा कोणाचेच झिजत नाही आणि दुर्लक्ष झाले तर गोल वळून कातडीत रुतते. तेव्हा नखे कापणे भाग असते, आणि कुत्रा मात्र पंजाला बोट लागताच पाय ओढून घेतो, पलंगाखाली शिरतो किंवा दात दाखवतो.

अशा वेळी बहुतेक घरांत एकच उपाय केला जातो: एकाने मान धरायची, दुसऱ्याने पाय धरायचे आणि एकदाची सगळी नखे उरकून टाकायची. त्या दिवसापुरते काम होतेही. पण नखांची कात्री दिसली की काय होते हे कुत्र्याच्या पक्के लक्षात राहते आणि पुढच्या खेपेला तो आधीच, आणि अधिक जोरात, प्रतिकार करतो. पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना दाबून धरणे तर धोक्याचेच आहे. झटापटीत त्यांना धाप लागते, शरीर तापते आणि श्वास अडकू शकतो.

यावरचा मार्ग असा की नखे आखूड ठेवणे आणि पंजाची भीती घालवणे ही दोन कामे वेगळी मानावीत आणि काही काळ ती वेगवेगळीच चालवावीत. भीती घालवायला काही आठवडे, क्वचित काही महिने लागतात. त्या काळात एकदा जरी जबरदस्तीने नखे कापली तरी तोवरच्या मेहनतीवर पाणी पडते. नखे मात्र थांबत नाहीत, म्हणून त्यांची तात्पुरती सोय पंजाला हात न लावता करावी लागते.

आधी दुखणे नाही ना, हे पाहावे

काल-परवापर्यंत पंजा देणारा कुत्रा अचानक पाय ओढू लागला असेल, तर ती भीती नसून वेदना असण्याची शक्यता अधिक. बोटांच्या बेचक्यात अडकलेली गोचीड, पावसाळ्यात ओले राहून लाल झालेली कातडी, घुसलेले कुसळ, मुळाशी चिरलेले नख, वयस्कर कुत्र्याचा संधिवात यांपैकी काहीही असू शकते. एकच पाय देत नसेल, तो सारखा चाटत असेल किंवा लंगडत असेल, तर सरावाला बसण्याआधी पशुवैद्यांकडून पाय तपासून घ्यावा. दुखणारा पंजा खाऊ देऊन शांत होत नाही.

तात्पुरती सोय: पॉलिश पेपरची फळी

सुमारे एक फूट रुंद आणि दोन फूट लांब अशी फळी घेऊन तिच्यावर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा 80 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवावा. बारीक, मऊ नखांच्या लहान कुत्र्याला 100 किंवा 120 नंबर पुरतो. फळी जमिनीवर ठेवून तिच्याखाली उकडलेल्या चिकनचा तुकडा कुत्र्यासमोर सरकवावा. तो काढण्यासाठी कुत्रा आपणहून पुढच्या पायांनी फळी ओरबाडतो. प्रत्येक ओरबाडण्याला शाबासकी आणि वेगळा तुकडा द्यावा. एवढे जमले की फळीखालचा तुकडा बंद करून फळी आपल्या गुडघ्यांना टेकवून तिरकी धरावी, म्हणजे तळव्याच्या गाद्या कमी घासल्या जातात आणि नखांची टोके नेमकी झिजतात. एका वेळी थोडीच ओरबाडणी पुरे. दरवेळी गाद्या पाहाव्यात आणि त्या लाल दिसल्या तर एक-दोन दिवस विश्रांती द्यावी.

या फळीने पुढची आठ नखे चांगली आटोक्यात राहतात. मधली दोन अधिक झिजतात आणि कडेची कमी, म्हणून फळी कधी डावीकडे, कधी उजवीकडे थोडी कलती करावी. मागच्या पायांची नखे मुळातच कमी वाढलेली दिसतात, कारण चालताना मागचे पाय जमीन रेटतात. अंगठ्याच्या नखापर्यंत मात्र फळी पोहोचत नाही. ते फार वळले असेल, तर एवढे एक काम दवाखान्यात करून घ्यावे, आणि कुत्रा फारच घाबरट असेल तर गुंगी देऊन करून घ्यावे. गुंगी देणे म्हणजे आपण हरलो असे अनेकांना वाटते. मला ते चुकीचे वाटते. पाच जणांनी दाबून धरण्यापेक्षा डॉक्टरांनी तपासून दिलेले औषध कुत्र्याला कितीतरी सुसह्य असते. मात्र माणसांची वेदनाशामक किंवा झोपेची गोळी आपल्या अंदाजाने कधीही देऊ नये. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन कुत्र्यांसाठी विषारी ठरू शकतात.

भीती घालवण्याचा सराव

सरावासाठी एरवी कधी मिळत नाही असा खाऊ हवा: उकडलेले चिकन, कलेजी, पनीर किंवा अंड्याचे वाटाण्याएवढे तुकडे. रोजची बिस्किटे इथे कामाची नाहीत. जागा शांत असावी आणि खाली सतरंजी किंवा रबरी चटई असावी, कारण घसरणाऱ्या फरशीवर कुत्र्याला एक पाय उचलून देणे मुळातच असुरक्षित वाटते. त्याच्यावर वाकून उभे राहू नये. त्याच्या शेजारी, त्याचे तोंड असेल त्याच दिशेला तोंड करून जमिनीवर बसावे.

सुरुवात पंजापासून करू नये. कुत्र्याला हात लावलेला चालतो अशी जागा शोधावी, बहुतेकांच्या बाबतीत ती खांदा असते. खांद्याला हात लावावा, लगेच तुकडा द्यावा, हात काढावा आणि खाऊही थांबवावा. क्रम महत्त्वाचा आहे. आधी स्पर्श, मग खाऊ. आधी चिकन दाखवून कुत्रा खात असताना गुपचूप पंजा पकडला, तर स्पर्शाची भीती जात नाहीच, उलट चिकन दिसले की काहीतरी वाईट होणार हे तो शिकतो आणि खाऊलाही संशयाने पाहू लागतो. खांद्याला हात लागताच कुत्रा आता तुकडा कुठे आहे म्हणून आपल्या दुसऱ्या हाताकडे आनंदाने पाहू लागला, की एक पायरी पुढे जाण्याची वेळ झाली असे समजावे.

अशा रीतीने खांदा, कोपर, मनगट, पंजाची वरची बाजू असे खाली सरकावे. पंजावर क्षणभर बोट ठेवणे, मग दोन क्षण ठेवणे, मग पंजा हलकेच उचलणे, मग एक बोट दोन बोटांत धरणे आणि शेवटी नख बाहेर यावे म्हणून ते किंचित दाबणे, या सगळ्या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत आणि कुत्र्याच्या दृष्टीने त्यांत बराच फरक असतो. एक बैठक दोन-तीन मिनिटांची असावी आणि कुत्रा कंटाळण्याआधी ती आपणच संपवावी. दिवसातून दोनदा असा सराव, लांबलचक एका बैठकीपेक्षा कितीतरी अधिक कामाचा असतो.

पंजा ओढून घेणे ही कुत्र्याची पहिली तक्रार नसते. त्याआधी तो ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, तोंड फिरवतो, कान मागे घेतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहतो, किंवा एकदम ताठ आणि स्तब्ध होतो. या स्तब्धतेला शांतपणा समजण्याची चूक फार जण करतात. यातले काही दिसले की हात काढावा आणि मागच्या पायरीवर यावे. गुरगुरल्याबद्दल ओरडणे किंवा फटका देणे तर मुळीच नको, कारण गुरगुरणे बंद झालेला कुत्रा पुढच्या वेळी इशारा न देता चावतो.

यासोबत आणखी एक गोष्ट शिकवली तर पुढचे काम सोपे होते. घडी केलेला टॉवेल किंवा उशी समोर ठेवून तिच्यावर हनुवटी टेकवली की खाऊ, असे कुत्र्याला शिकवावे. मग हनुवटी टेकलेली असेपर्यंतच पंजाला हात लावावा आणि त्याने मान उचलली की त्याच क्षणी काम थांबवावे. आपण मान उचलली की हे थांबते याची खात्री पटलेला कुत्रा मान उचलण्याची घाई करत नाही.

कात्रीची ओळखही अशीच, सावकाश करून द्यावी. आधी ती नुसती जमिनीवर पडलेली असावी आणि तिच्याजवळ खाऊ मिळावा. नंतर ती हातात, मग बंद असताना पंजाला टेकवलेली, मग नखाला टेकवलेली. कापतानाचा ‘कट्’ आवाज अनेक कुत्र्यांना स्पर्शाइतकाच नकोसा असतो, म्हणून खराट्याचा हीर कुत्र्यापासून थोड्या अंतरावर कात्रीने कापावा आणि प्रत्येक ‘कट्’नंतर तुकडा द्यावा. हे रोज थोडे जवळ आणावे.

प्रत्यक्ष कापताना

कात्री धारदार हवी. बोथट कात्री नख कापण्याआधी चेमटवते आणि जिव्हाळी, म्हणजे नखाच्या आतला जिवंत भाग, न कापताही दुखते. जाड नखांसाठी दोन पात्यांची, आडकित्त्यासारखी उघडझाप होणारी कात्री बरी. भोकात नख घालण्याचा प्रकार लहान कुत्र्यांना चालतो, पण घाबरट कुत्र्याने पाय हिसकल्यास नख त्यात अडकते. ग्राइंडरमध्ये, म्हणजे नख घासून झिजवणाऱ्या यंत्रात, जिव्हाळी कापली जाण्याचा धोका कमी असला, तरी घरघर आणि थरथर या दोन्हींची सवय वेगळी लावावी लागते. शिवाय तो एका जागी दोन सेकंदांहून जास्त टेकवला तर नख तापते, आणि लांब केसांच्या कुत्र्यांचे केस त्यात गुंततात.

पहिल्या दिवशी एका नखाचे फक्त टोक कापावे, मूठभर खाऊ द्यावा आणि उठावे. दुसरे नख कापण्याचा मोह होतोच, तो आवरावा. रोज एक नख कापले तरी मागच्या पायांना अंगठा नसलेल्या कुत्र्याची अठराही नखे तीन आठवड्यांच्या आत होतात, आणि तोवर पहिल्याची पुन्हा वेळ आलेली असते. पंजा बाहेरच्या बाजूला ओढू नये, पाय ज्या दिशेने सहज वाकतो त्याच दिशेने तो धरावा. पुष्कळ कुत्र्यांना पाय मागे दुमडून तळवा वर केलेला अधिक चालतो आणि आपल्यालाही नखाची खालची बाजू नीट दिसते.

नखाच्या आत रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असलेली जिव्हाळी असते. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते. तिच्या पुढे दोन-तीन मिलिमीटर जागा सोडून, साधारण 45 अंशांच्या कोनात कापावे. काळ्या नखात बाहेरून काहीच दिसत नाही. तिथे कागदाच्या जाडीच्या चकत्या कापत जावे आणि प्रत्येक चकतीनंतर कापलेला भाग समोरून पाहावा. सुरुवातीला तो कोरडा, भुरभुरीत आणि पांढुरका दिसतो. मध्यभागी गडद, ओलसर, किंचित चमकणारा ठिपका दिसू लागला की थांबावे. त्याच्या लगेच मागे जिव्हाळी आहे. फार वाढलेल्या नखांत जिव्हाळीही लांब झालेली असते, त्यामुळे ती एकदम आखूड होत नाहीत. दर आठ-दहा दिवसांनी टोक कापत राहिले की जिव्हाळी हळूहळू मागे सरते.

कापायला बसण्यापूर्वी कुटलेली तुरटी किंवा कॉर्नफ्लॉवर वाटीत काढून हाताशी ठेवावे. रक्त आलेच तर आरडाओरडा न करता ती पूड नखाच्या टोकावर दाबून काही मिनिटे तशीच धरावी आणि मध्येच उचलून पाहू नये. तुरटी झोंबते, त्यामुळे शांत कुत्र्यालाही ती थोडी खटकते. घाबरट कुत्र्यासाठी मी कॉर्नफ्लॉवर पसंत करीन. अर्ध्या तासात रक्त थांबले नाही तर दवाखाना गाठावा. रक्त आल्यानंतर त्या दिवशी दुसरे नख कापू नये आणि पुढचे काही दिवस कात्री न घेता नुसत्या स्पर्शाच्या पायरीवर यावे.

चावण्याचा इतिहास असलेल्या कुत्र्याला आधीच जाळीचे मुसके, म्हणजे बास्केट मझल, घालण्याची सवय लावावी. त्यातून त्याला तोंड उघडून धापता येते आणि खाऊही देता येतो. कापडी पट्टीने तोंड घट्ट बांधून सराव करू नये. दात लागून कातडी फुटलीच, तर कुत्रा घरचा आणि लस दिलेला असला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावी.

सगळी नखे बिनतक्रार कापू देणारा कुत्राही काही दिवशी नकार देतो. दिवाळीच्या फटाक्यांचे दिवस, विजा कडाडणाऱ्या पावसाच्या रात्री, पाहुण्यांनी भरलेले घर अशा वेळी तो आधीच बिथरलेला असतो. त्या आठवड्यात कात्री कपाटातच राहू द्यावी आणि फळी बाहेर काढावी.