अंडरटेकरच्या मॅचेसचं रेटिंग नीट वाचायचं कसं

अमेरिकन शो-कुस्तीतला पैलवान अंडरटेकर, त्याच्या सगळ्या मॅचेसना मिळालेले स्टार एकत्र करून सरासरी काढू नका, आधीच सांगतो. आकडा इतका साधा येतो की ज्याच्या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या (म्हणजे आताच्या डब्ल्यूडब्ल्यूई कुस्ती कंपनीच्या) खेळायच्या पत्त्यासाठी आपण मधल्या सुट्टीत भांडायचो तो हाच का असं वाटतं, आणि चूक त्याची नसते, आपल्या हिशोबाची असते.

एक्सेलमध्ये शीट करा. तारीख, समोर कोण होता, किती मिनिटं चालली, साधी मॅच की हेल इन अ सेल (बंद पिंजऱ्यातली मॅच), कुस्तीवर लिहिणारा पत्रकार डेव्ह मेल्ट्झर याचे साधारण पाचपैकी दिलेले स्टार, आणि शेवटी केजमॅच साइटवर फॅन्सनी दिलेले दहापैकी मार्क. जिथे रेटिंग सापडत नाही तो रकाना रिकामाच ठेवा, शून्य टाकू नका, कारण शून्य हे खरंखुरं रेटिंग असतं आणि मेल्ट्झर त्याच्याही खाली जातो. 1987 च्या रेसलमेनिया 3 या कंपनीच्या वार्षिक मोठ्या शोमधल्या हल्क होगन-आंद्रे द जायंट मॅचला त्याने उणे 4 दिलेत, आणि ती मॅच तर सगळ्या जगाला पाठ आहे! म्हणजे स्टार हे त्या दिवशी रिंगमध्ये कुस्ती कशी झाली त्याचे, मॅच किती गाजली त्याचे नाहीत.

आता काळाप्रमाणे तुकडे पाडा. अंडरटेकर आला 1990 च्या सर्व्हायव्हर सीरिज या शोमध्ये, आणि पुढची काही वर्षं त्याचं काम म्हणजे मेलेल्या माणसासारखं हळू चालायचं, मार खाऊन सटकन उठून बसायचं, आणि समोर कोण तर जायंट गोंझालेससारखे धिप्पाड गडी ज्यांना धड पळताही यायचं नाही, मग तिथे स्टार येणार कुठून? ती वर्षं वेगळी काढली की पुढच्या वर्षांतला अंडरटेकर स्वच्छ दिसतो.

मग समोरच्या माणसाप्रमाणे लावा, माझ्या मते हाच रकाना सगळ्यात महत्त्वाचा. 5 ऑक्टोबर 1997 ची पहिली हेल इन अ सेल, 5 स्टार, समोर शॉन मायकल्स. 2009 ची रेसलमेनिया 25, पावणेपाच, समोर परत मायकल्स. मग शॉननेच त्याला तारलं का? तर शॉनच्या ओळी लपवा आणि उरलेलं बघा, 2006 ची कर्ट अँगलबरोबरची, 2012 ची ट्रिपल एचबरोबरची. तरी गडी वरच राहतो.

वेगवेगळ्या काळातले स्टार थेट तोलू नका. ऑक्टोबर 1997 नंतर थेट जुलै 2011 च्या सीएम पंक-जॉन सीना मॅचपर्यंत डब्ल्यूडब्ल्यूईच्या एकाही मॅचला मेल्ट्झरने 5 दिले नव्हते, आणि 2018 मध्ये जपानमधल्या ओकाडा-ओमेगा मॅचला त्याने पाचची मर्यादा ओलांडून 7 दिले. त्यामुळे 2009 चे पावणेपाच म्हणजे तेव्हा शिखरच होतं. केजमॅचवर तीच मॅच नऊच्या वर आहे, पण तिथे किती जणांनी मत दिलंय तेही बघा, जुन्या मॅचला मोजकीच मतं असली तर तो आकडा कच्चा धरा.

आणि शीट भरायच्या आधी मॅच बघा, रेटिंग न बघता. रेसलमेनिया 25 मध्ये टेकरचा हुकमी डाव टूम्बस्टोन बसल्यावरही शॉन तीन मोजायच्या आत खांदा उचलतो तेव्हा टेकरचे डोळे कसे विस्फारतात ते थांबवून बघा, मग तुमचे स्वतःचे स्टार लिहा, आणि त्यानंतरच मेल्ट्झरचा रकाना उघडा.