रविवारी सकाळी दहा वाजता
किनाऱ्यावरच्या पाणपक्ष्यांवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

पुण्यातून पक्ष्यांकडे वळणारे आम्ही बहुतेक जण एकाच वाटेनं येतो. आधी पाषाण, मग कवडी, मग एखाद्या थंडीत भिगवण. कुंभारगावच्या नावेतून रोहित (फ्लेमिंगो) जवळून पाहिले की वाटतं, पाणपक्षी आता कळले. मलाही तसंच वाटलं. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी मुंबईतल्या शिवडीच्या किनाऱ्याचा चिखल निवडला आणि एका हिवाळ्यातले जवळजवळ चार महिने घालवून बसले. ते कसे, हे सविस्तर सांगते. पुण्याची मुलं अजून तिथेच अडकताना दिसतात.

माझी पद्धत अशी होती: रविवारी पहाटेची गाडी पकडायची, पुढे हार्बरनं शिवडी, आणि बरोबर दहा वाजता ठरलेल्या जागी उभं राहून बारापर्यंत मोजायचं. दर आठवड्याला तोच वार, तीच वेळ, तीच जागा. यालाच शिस्त म्हणतात, असा माझा ठाम समज होता. गाइडनीही "छान, वेळ पाळ" म्हणून सही केली होती. एका रविवारी वहीत चार आकडी संख्या यायची, पुढच्या रविवारी जेमतेम साठ. आलेख काढला तर करवतीच्या दात्यांसारखा. मी त्याला कारणं शोधली: पुलाचं बांधकाम, बोटींचे आवाज, वाढलेली थंडी. दोन पानं लिहिली. ती पानं अजून माझ्याकडे आहेत आणि त्यातलं एकही वाक्य खरं नाही.

चूक आजीनं काढली. ती मूळची गुहागरची. सोमवारी सकाळी चहा पिताना मी कुरकुरत होते की काल पुन्हा नुसतं पाणीच पाणी. तिनं स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर बोट ठेवलं. "अगं, काल एकादशी. सव्वाआठ-साडेआठला भरती असणार. दहाला तुला चिखल कुठून दिसणार?" मग तिनं मागचा रविवार पाहिला. चतुर्थी. "त्या दिवशी दिसला असेल बघ." दिसला होता. चार आकडी संख्या त्याच दिवशीची होती.

कोकणातला हा जुना हिशोब आता मी सगळ्यांना पाठ करायला लावते. तिथीची पाऊणपट करायची. येईल तितक्या वाजता भरती, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यापासून सहा तासांवर ओहोटी. हा अंदाज आहे, मिनिटाचा हिशोब नाही. प्रबंधासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचं भरती-ओहोटीचं कोष्टकच वापरा, आणि खाडीत आत जावं तसं पाणी उशिरा पोचतं हेही धरा. पण मुद्दा समजायला आजीचा हिशोब पुरतो. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. सात दिवसांत साडेतीनशे मिनिटं, म्हणजे जवळजवळ सहा तास. भरती आणि ओहोटीतलं अंतरही सहा तासांच्या थोडं वरच. म्हणजे ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी गेलात तर एक रविवार चिखलाचा आणि पुढचा पाण्याचा, हे आधीच ठरलेलं. मी चार महिने पक्षी मोजलेच नव्हते, चंद्र मोजत होते.

भिगवणच्या उजनी जलाशयावर ही चूक कधी लक्षात येत नाही, कारण तिथलं पाणी महिन्यांच्या हिशोबानं उतरतं. पावसाळ्यात धरण भरतं, उन्हाळ्याकडे काठ उघडा पडत जातो. सकाळी आठ आणि दुपारी दोन यात पाण्याला काही फरक नसतो. किनाऱ्यावर त्याच सहा तासांत पक्ष्यांचं ताट मांडलंही जातं आणि उचललंही जातं. लिटल स्टिंटचे पाय बोटभर. त्याला ओला चिखल किंवा पाण्याचा पातळ थर लागतो. शेकाट्याला थोडं खोल चालतं. गॉडविट लांब चोच चिखलात खुपसून किडे शोधतो, तर चिखल्या डोळ्यांनी बघून धावतो, थांबतो, टिपतो. पाणी वितभर चढलं की यातल्या बहुतेकांचं जेवण संपलं.

मग भरतीला हे जातात कुठे? हा प्रश्न मी विचारलाच नव्हता आणि त्याचं जास्त वाईट वाटतं. ते मिठागरांच्या बांधांवर जातात, नेरुळसारख्या ठिकाणी वस्तीलगतच्या उथळ तळ्यांत जातात, आणि पाणी उतरेपर्यंत दाटीनं उभे राहतात. ठाणे खाडीत २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. पण ही विसाव्याची तळी अभयारण्याच्या रेषेबाहेर राहिली. तळ्यात भराव पडला तर समोरचा चिखल शाबूत असूनही पक्ष्यांना भरतीभर उडत राहावं लागतं, आणि प्रवासासाठी साठवलेली चरबी तिथेच खर्ची पडते. म्हणून दोन्ही जागा अभ्यासात घ्या. एकच घेतलीत तर प्रबंध अर्धाच आहे, असं मी तोंडावर सांगते.

गाइड निवडताना नाव बघू नका. शेवटचं कधी चिखलाच्या कडेला उभे होते, ते विचारा. ॲपनं ओळख पटवायची सवय लहान तुताऱ्यांवर (सँडपायपरांवर) चालत नाही. हिवाळ्यात त्या सगळ्या राखाडी असतात आणि तीनशे मीटरवर फोटोत नुसता ठिपका येतो. चोच आणि चाल बघायला शिका. आणि दिसेल तिथे कांदळवन लावा म्हणणाऱ्या मोहिमांत डोळे मिटून जाऊ नका. उघडा चिखल म्हणजे पडीक जमीन नव्हे; तिथे झाडं वाढली की या पक्ष्यांची जागा जाते.

चार महिने गेले म्हणून प्रबंध बुडाला नाही. जुन्या प्रत्येक नोंदीपुढे मी भरतीची वेळ लिहिली. ओहोटीच्या नोंदी वेगळ्या काढल्यावर त्यातून सरळ, समजेल असा आलेख निघाला. तुमच्याही वह्या फेकू नका. तारीख आणि वेळ लिहिलेली असेल तर पाण्याची पातळी मागाहून काढता येते. मोजणीचा हात बसला नसेल तर जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेत कुणा अनुभवी माणसाशेजारी उभे राहा. आधी दहा पक्षी नीट मोजायचे, ते थव्यात केवढी जागा व्यापतात ते डोळ्यांत भरायचं, मग त्या मापानं पुढे जायचं.

एप्रिलअखेरीस एकदा नक्की जा. सैबेरियाच्या उत्तर टोकाकडे निघायच्या आधी कर्ल्यू सँडपायपरची पोटं विटकरी होतात. भरतीच्या वेळी मिठागराच्या बांधावर ते ओळीनं उभे होते, एकेक पाय पोटात घेऊन, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. त्यांच्यातला एक अजून पुरता राखाडीच होता. त्याच्यावरून दुर्बीण मला हलवता येईना.

पहिल्यांदा जाणार असाल तर चतुर्थीच्या आसपासचा दिवस धरा. सकाळी नऊ-दहाला चिखल उघडा असतो, पण पक्षी लांब पांगलेले असतात. तेव्हा घाई करू नका. खरी मोजणी बारानंतर. पाणी चढायला लागतं आणि पक्ष्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं. चिखलात स्वतः उतरू नका, माणूस मांडीपर्यंत रुततो. तीनपर्यंत काम आटोपतं आणि संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला परतता येतं.