हमिंगबर्ड ओळखताना गळ्याकडे शेवटी बघा

हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत सापडतो, अलास्कापासून दक्षिण टोकाच्या तिएरा देल फुएगोपर्यंत. भारतात फुलावर चोच खुपसताना दिसतो तो शिंजीर, त्याचं कूळच वेगळं. अमेरिकेतही संध्याकाळी फुलांसमोर तरंगणारा एक पतंग हुबेहूब असाच भासतो. डोक्यावर मिशा दिसल्या की विषय संपला.

फुलामागून फुलाकडे धावू नका. नर बहुधा उघड्या काटकीच्या टोकावर बसून आपला इलाखा राखतो, घुसखोराला हुसकावतो आणि पुन्हा त्याच काटकीवर येतो. ती काटकी हेरा, ऊन पाठीशी घ्या आणि दुर्बीण आधीच तिच्यावर फोकस करून ठेवा. ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरते, पण दोन मीटरवरचंही स्पष्ट दाखवणारी हवी.

रुबी-थ्रोटेड जातीच्या नराच्या गळ्याची लाली रंगद्रव्याची नसते. पिसांतल्या सूक्ष्म थरांवरून उजेड परततो तेव्हा ती दिसते. पक्ष्याने मान जराशी वळवली की माणकासारखा गळा काळाकुट्ट! नवखे इथेच फसतात आणि रुबी-थ्रोटेडला ब्लॅक-चिन्ड या दुसऱ्या जातीचा म्हणून मोकळे होतात. खऱ्या ब्लॅक-चिन्ड नराच्या काळ्या हनुवटीखाली जांभळी पट्टी असते, पण तीही उजेड नीट पडला तरच दिसते. त्यापेक्षा शेपूट बघा. हवेत थांबून मध पिताना ब्लॅक-चिन्ड ती सारखी हलवतो. रुबी-थ्रोटेडची बरीच स्थिर असते. माद्यांचे गळे पांढुरके, त्यामुळे तिथे ही खूण जास्तच कामाची.

कानही उघडे ठेवा. रॉकी पर्वतात उन्हाळ्यात धातूसारखी किणकिण जवळून गेली, तर तो ब्रॉड-टेल्ड जातीचा नर, आवाज पंखांचा. अ‍ॅनाज जातीचा नर उंचावरून सूर मारतो आणि तळाशी कर्कश 'चीप' ऐकू येतं, ते शेपटीच्या पिसांचं.

रूफस आणि अ‍ॅलन्स या जातींच्या माद्या मात्र नुसत्या बघून वेगळ्या करता येत नाहीत. पसरलेल्या शेपटीचा स्पष्ट फोटो लागतो (शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून वेगवान), कारण फरक पिसांच्या रुंदीत असतो. तसा फोटो नसेल तर वहीत 'रूफस किंवा अ‍ॅलन्स' असंच लिहा.

मादी कोळ्याचं जाळं चोचीत गोळा करताना दिसली, तर घरटं बांधणं चालू आहे. ते जेमतेम अर्ध्या अक्रोडाएवढं असतं आणि पिल्लांचं सगळं ती एकटीच बघते. तिच्या मागे जाऊ नका, फोटोसाठी आड येणारी पानं तर मुळीच बाजूला करू नका. ऊन आणि शिकारी दोघांनाही वाट मिळते.